खालच्या हॉलमधली ओल

खालच्या हॉलचं छत गळतं, ही बातमी आमच्या इमारतीत सर्वांत आधी माझ्या आईने जाहीर केली, आणि ती तिने ज्या घाईने जाहीर केली तिथेच मला संशय यायला हवा होता. आईची घाई करण्याची पद्धत नाही. शेजारच्या घरातून धूर येत असला तरी ती आधी "काहीतरी लागलंय बहुतेक" म्हणून दारात उभी राहून नीट वास घेते. अशी बाई कुणी पुरतं विचारायच्या आत वर बोट दाखवून "छत गळतंय" म्हणते, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत असतं. पण मी फक्त छताचा विचार केला. शिक्षणाचा हा एक तोटा आहे. कुणी काही दाखवलं की आम्ही त्या वस्तूकडे बघतो, दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही.

झालं होतं ते असं. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये रोज सकाळी बायकांचा व्यायामाचा वर्ग भरतो. वर्ग घेणाऱ्या ताई पूर्वी व्हॉलीबॉल खेळायच्या आणि सगळ्या सूचना शिट्टीने देतात, म्हणून त्यांना इमारतीत शिट्टीताई म्हणतात. एक शिट्टी म्हणजे उड्या, दोन म्हणजे जागेवर धावणं, लांबलचक शिट्टी म्हणजे दोरी. आईची साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं. चालण्याचा तिला कंटाळा. या वर्गात मात्र ती अशी रमली की साखर काठावरून मागे सरकली, आणि आई फोनवर बोलता बोलता एक पाय मागे धरून उभी राहायला लागली. बाबांनी त्याची धास्ती घेतली होती, पण मला ती तशी बघायला फार आवडायचं.

तर एके सकाळी वर्ग संपता संपता सेक्रेटरीकाका भिंतीवर नोटीस लावायला हॉलमध्ये आले. मॅटवर पादत्राणं आणायची नाहीत हा नियम त्यांचाच, त्यामुळे ते नुसत्या मोज्यांवर होते. मॅटच्या मधोमध ते थांबले, एक पाय उचलला, मोजा चाचपून बघितला आणि म्हणाले, "हे ओलं कशाने झालं?"

तेव्हा आईने वर बोट दाखवलं. त्याबरोबर झाडून सगळ्या बायकांनी माना वर केल्या. शिट्टीताईंनीसुद्धा केली, तीही शिट्टी तोंडात ठेवून. एवढी एकजूट त्या वर्गात आधी कधीच पाहिली नव्हती, असं सेक्रेटरीकाका मला नंतर कौतुकाने सांगत होते.

हॉलच्या बरोब्बर वर ऑडिटरकाकांचं बाथरूम येतं. ऑडिटरकाका निवृत्त झाले असले तरी त्यांच्यातला ऑडिटर झालेला नाही. सेक्रेटरीकाका प्लंबरला घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा ते म्हणाले, "छत गळतं म्हणता. छतावर डाग आहे?"

"डाग नाही."

"छत ओलं आहे?"

"हाताला तसं लागत नाही."

"म्हणजे कोरडं छत गळतंय. पुरावा आणा, मग बाथरूम बघा." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

प्लंबर खाली आला, त्याने काठीने छत वाजवून बघितलं आणि गंभीर होऊन म्हणाला, "आवाज भरीव येतोय."

"म्हणजे?" सेक्रेटरीकाका.

"म्हणजे आत पाणी असू शकतं."

"आणि पोकळ आला असता तर?"

"मग तर पाणी नक्की होतं."

या टप्प्यावर कमिटीला माझी आठवण झाली. मी रसायनशास्त्र शिकले आहे आणि पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दिवसभर मी विहिरींचं, टाक्यांचं, कारखान्यांच्या नाल्यांचं पाणी तपासते. त्यामुळे इमारतीत पाण्यासंबंधी काहीही झालं की लोक माझ्याकडे बघतात, जसं बॅंकेतल्या माणसाकडे सुट्ट्या पैशांसाठी बघतात. एरवी मला त्याचा राग येतो. पण कमिटीच्या बैठकीत मला खुर्ची दिली गेली, आणि सेक्रेटरीकाका "आता शास्त्र काय म्हणतं ते ऐकू" असं म्हणाले. अशा वेळी भल्याभल्यांचा तोल जातो.

मी सांगितलं की छत कोरडं असणं हा गळती नसल्याचा पुरावा नाही. काँक्रीटमध्ये केसासारख्या बारीक फटी असतात, पाणी त्यांतून आडवं प्रवास करतं, भलतीकडेच एखाद्या बिंदूतून सुटतं, आणि एवढासा थेंब सोडून ती फट पुन्हा कोरडी दिसते. हे सगळं तत्त्वतः शक्य आहे. 'तत्त्वतः' हा शब्द मी उच्चारला होता, पण तो कुणी लिहून घेतला नाही. ठराव झाला की वॉटरप्रूफिंगवाल्याने ऑडिटरांचं बाथरूम फोडावं, त्याआधी मी पाण्याचा नमुना तपासून लेखी मत द्यावं, आणि काम चालेल तोवर छताला टेकू द्यावे लागणार असल्याने हॉल तीन महिने बंद राहावा.

मी हे घरी येऊन विजयी स्वरात सांगितलं. आईचा चेहरा उतरला.

"तीन महिने? आणि वर्ग?"

"तूच तर म्हणालीस छत गळतंय."

"अगं, तसं गळतं म्हणजे अगदी गळतंच असं नाही. हवेत दमटपणा असतो. एवढ्यासाठी फोडाफोडी कशाला? आणि नमुना कसला घेतेस? चार थेंब ते."

चार दिवसांपूर्वी ज्या बाईने गळतीचा शोध लावला तीच आता गळती नाकारत होती. साक्षीदार उलटला. मी मनातल्या मनात त्याची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी हॉलमध्ये गेले. मॅटवर रुपयाएवढे काही डाग होते, काही त्याहून लहान, आणि ते एका जागी नव्हते, सगळीकडे होते. मी गाळणकागदाच्या पट्ट्यांनी ते टिपून घेतले, पट्ट्या बाटलीत घातल्या आणि बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवली, कारण आमच्या साहेबांना खासगी नमुने आणलेले चालत नाहीत आणि ते बाहेर असतील तेव्हाच हे जमणार होतं. संध्याकाळी बघते तर बाटली ओट्यावर पालथी, स्वच्छ घासलेली.

"रिकामी दिसली म्हणून घासली," आई म्हणाली.

"आत कागद होते, आई."

"तेच म्हणते, कचरा होता."

आमच्या घरातला फ्रिज आई कधी आवरत नाही. त्यात काय काय किती काळ आहे हे सांगायला वेगळी प्रयोगशाळा लागेल. त्या सगळ्यातून तिला नेमकी माझीच बाटली घासावीशी वाटली.

मग भेटीगाठी सुरू झाल्या. पहिल्यांदा जिन्यात बॅंकमावशी भेटल्या. या बॅंकेत नोकरी करतात, वर्गात आईच्या शेजारी असतात, आणि एरवी मला बघितलं की लग्नाचं विचारतात. आज विचारलं नाही. म्हणाल्या, "अगं, फरशीला कधीकधी घाम येतो. आमच्या शाखेत पण येतो. त्यात तपासायचं काय?"

"मावशी, मॅटखालची फरशी कोरडी आहे. मी बघितली."

"बघितलीस?" त्यांनी जिन्याचा कठडा धरला. "मॅट उचलून?"

पण माझा संशय पक्का केला तो ऑडिटरकाकूंनी. त्याही वर्गाला येतात. त्या मला कोपऱ्यात घेऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "हे बघ, ह्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. तू आपलं लिहून टाक की बाथरूम गळतं. खुशाल फोडू देत."

"काकू, तुमचंच बाथरूम आहे ते."

"असू दे गं. जुनंच झालंय. पण ते तपासणी वगैरे नको."

स्वतःच्या घराचं बाथरूम फोडून घ्यायला निघालेली बाई मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. या बायका काहीतरी लपवत होत्या, आणि जे लपवत होत्या ते बाथरूमपेक्षा मोठं होतं.

मी आईवर नजर ठेवायला लागले. कुणाच्याही आईवर नजर ठेवू नये, पण शास्त्राला नातीगोती नसतात. निरीक्षणं अशी: वर्गाला जायच्या आधी आई पुन्हा पुन्हा बाथरूमला जाऊन येते, अगदी चपला घातल्यावरही. सकाळी उठल्यावर तांब्याभर पाणी पिण्याची तिची जन्माची सवय, ती तिने सोडली आहे. तिने व्यायामासाठी घेतलेल्या विजारी सगळ्याच्या सगळ्या काळ्या आहेत. आणि कमरेला ती जॅकेट बांधते, जे तिने अंगात घातलेलं मी कधीही पाहिलेलं नाही.

यावरून मी एक तर्क बांधला आणि मला तो फार आवडला. हॉलमध्ये पाण्याच्या बाटल्या न्यायला सेक्रेटरीकाकांनी बंदी केली आहे, आतलं टेबल टेनिसचं टेबल खराब होतं म्हणून. घरून कोरड्या घशाने निघायचं, जॅकेटमध्ये बाटली लपवायची, आणि आत गेल्यावर सगळ्यांनी मिळून प्यायचं. सांडणारच. काळा रंग आणि बाथरूमच्या खेपा या तर्कात नीट बसत नव्हत्या, पण प्रत्येक तर्काला थोडी सवलत द्यावी लागते.

बाटली पकडायची म्हणून मी वर्गात नाव घातलं. "तू?" आई म्हणाली. "तुला कधीपासून व्यायामाची आवड?" तिलाही माझा संशय आला होता, हे बरंच झालं. एका घरात एकतर्फी संशय चांगला नाही.

वर्गात बाटली नव्हती. जॅकेट प्रत्येकीच्या कमरेला होतं, आत काही नव्हतं. लांब शिट्टी झाली की दाराजवळच्या जागेसाठी मात्र ढकलाढकली चाले, आणि दोरीच्या उड्या सुरू झाल्यावर एकेक बाई फोन आल्यासारखी बाहेर जाऊन येई. फोन सगळ्यांचे खिडकीत ठेवलेले होते. मी डोळ्यांत तेल घालून बघत होते आणि स्वतः उड्या मारत होते, आणि उड्या मारताना मला जे जाणवलं ते मी घामाच्या खात्यात जमा केलं. वर्ग सुटला. मॅटवर पुन्हा डाग. आज नेहमीपेक्षा एक जास्तच असावा.

साहेब प्रयोगशाळेतून हलायला तयार नव्हते, तेव्हा नमुना तपासणं शक्य नव्हतं. आता प्रयोगाशिवाय गत्यंतर नव्हतं. बाथरूम फोडायला माणसं सोमवारी येणार होती. रविवारी दुपारी मी सेक्रेटरीकाकांकडून हॉलची किल्ली घेतली, कडी लावली आणि मांडणी केली. मांडणीचा मला आजही अभिमान आहे. पंखा बंद करून त्याला घरातल्या दोन मोठ्या छत्र्या उघडून बांधल्या, म्हणजे छतातून थेंब आलाच तर तो छत्रीवर पडेल. मॅट पुसून वाळवली, तिच्याखाली प्लॅस्टिक अंथरलं, म्हणजे फरशीचा घाम बाद. वर पांढरे गाळणकागद पसरले. हॉलमध्ये बाटली नाही, दुसरा माणूस नाही. व्यायाम करताना शरीरात पुरेसं पाणी असावं म्हणून घरून लिटरभर पाणी पिऊन आले होते, कारण मी नियम पाळणारी आहे. कमरेला जॅकेट नव्हतं. मग मी छत्र्यांच्या खाली उभी राहिले आणि वर्गात मारतात तशा, हातपाय फाकवून, उड्या मारायला लागले.

थांबून खाली पाहिलं. कागदावर डाग होता.

आधी मी छत्र्या तपासल्या. ठणठणीत कोरड्या. मग प्लॅस्टिक. कोरडं. मग नाइलाजाने उरलेला एकच स्रोत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला कळसा निदान काखेत असतो.

त्याच वेळी दार वाजलं. "किल्ली घेऊन गेलीस म्हणे," आईचा आवाज. "काय चाललंय आत?"

मी दार उघडलं. आईने पंख्याला लटकणाऱ्या छत्र्या बघितल्या, कागद बघितले, मला बघितलं.

"आई, छत गळत नाही," मी म्हणाले.

"मग?"

"मी गळते."

आई मॅटवर बसली. बसताना तिने सवयीने आधी हात फिरवून बघितलं. "तुला पण?" ती म्हणाली. "तुला कसं होईल? तुला तर अजून मूल ना बाळ."

त्या 'पण'मधून सगळा उलगडा झाला. आईला हे वर्ग सुरू झाल्यापासून होत होतं. उडी मारली की थोडं निसटायचं. शिंकलं, खळखळून हसलं तरीही. म्हणून पाणी बंद, म्हणून काळं, म्हणून जॅकेट.

"मला वाटलं वय झालं," आई म्हणाली. "मोज्याला ओल लागली म्हटल्यावर माझ्या तोंडून छत निघून गेलं. मला काय माहीत तू त्यात फटी शोधशील."

"पण आई, डाग सगळीकडे असतात. तू तर मागच्या रांगेत असतेस."

"मला वाटायचं, सगळे माझेच. मी बाहेर धावते ना मध्ये मध्ये."

"पुढच्या रांगेत? शिट्टीताईंच्या पायापाशी?"

आई विचारात पडली. मग तिने बॅंकमावशींचं नाव घेतलं. मग ऑडिटरकाकूंचं. एकेका बाईला वाटत होतं की अख्खी मॅट आपणच भिजवतो, आणि त्या सगळ्या एकमेकींपासून तोंड लपवून एकाच छताकडे बोट दाखवत होत्या.

"कुणाला सांगू नकोस," आई म्हणाली. "झाकली मूठ बरी. मी वर्ग सोडून देते, म्हणजे प्रश्नच मिटला."

"तुझी साखर?"

"चालेन मी." हे ती अशा आवाजात म्हणाली की चालणं म्हणजे सासुरवास वाटावा.

मी ठरवलं की आपली चूक कबूल करायची, पण कारण सांगायचं नाही. त्याच संध्याकाळी कमिटी बसली तेव्हा मी उभी राहून म्हणाले की माझा फटींचा तर्क चुकीचा निघाला, प्रयोगाने सिद्ध झालं आहे की पाणी वरून येत नाही. ऑडिटरकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं पहिल्यांदाच कुणी हिशेब बरोबर दिला आहे.

"मग कुठून येतं?" सेक्रेटरीकाकांनी विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही."

"महत्त्वाचं कसं नाही? वरून नाही तर खालून येत असेल. जमिनीतलं पाणी चढलं असेल. मग तर पायाच खणावा लागेल."

"खालून नाही."

"मग कुत्रं येत असेल," वॉटरप्रूफिंगवाला म्हणाला. बाथरूमचं काम हातचं जाताना बघून तो उदास झाला होता.

सेक्रेटरीकाकांनी टेबलावर पेन आपटलं. "कुत्रं असो की माणूस असो, उद्याच्या उद्या हॉलमध्ये कॅमेरा बसवू. सकाळपासून रेकॉर्डिंग. म्हणजे काय ते दिसेल."

मागच्या खुर्च्यांवर वर्गातल्या बायका बसल्या होत्या. आईने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं ते सोडेचना. कॅमेरा बसला की वर्ग संपला. एकही बाई पुन्हा त्या हॉलमध्ये पाऊल टाकणार नव्हती.

"कॅमेरा नको," मी म्हणाले. "ते मी आहे. उड्या मारताना माझी लघवी थोडी निसटते. तीच मॅटवर पडते."

सेक्रेटरीकाकांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग अतिशय सावकाश आपल्या पायांकडे पाहिलं.

मला प्रामाणिकपणे वाटलं होतं की आता मागून कुणीतरी उठेल. निदान एक. मी वाटही पाहिली. बॅंकमावशी उठल्या, मला आशा वाटली, आणि त्या म्हणाल्या, "असू दे, असू दे, लहान आहे बिचारी. कुणी तिला बोलू नका." शिट्टीताईंनी मान हलवली. "मी तरी म्हणतच होते, हिची कंबर सैल पडते." आणि माझी आई, जिच्यासाठी मी हे सगळं केलं, ती जड आवाजात म्हणाली, "डॉक्टरला दाखवायलाच हवं हिला."

ऑडिटरकाका मात्र बोटांवर काहीतरी मोजत होते. "एक मिनिट. ही मुलगी वर्गात गेली परवा. मोजा ओला झाला त्याच्या कितीतरी आधी. मग ते..."

"अहो," ऑडिटरकाकू म्हणाल्या, "बाथरूम वाचलं ना तुमचं? मग बसा."

काकांनी काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि नोकरीच्या काळातही कधी केलं नसेल ते केलं. प्रश्न अर्ध्यावर सोडून ते बसले. बाथरूम, हॉल, वर्ग, सगळं वाचलं. फक्त मी बुडाले.

पुढचा आठवडा मी सल्ले ऐकण्यात घालवला. लिफ्टमध्ये, गेटपाशी, दुधाच्या रांगेत. एकजण म्हणाल्या पाणीच पिऊ नकोस. दुसऱ्या म्हणाल्या भरपूर पी, सगळं एकदाचं निघून जाईल. लग्न झालं की बरं होतं, असं एकीचं मत. लग्न झालं की वाढतं, असं दुसरीचं. सेक्रेटरीकाका जिन्यात दिसले की भिंतीला चिकटून मला वाट देत. बाबांनी एवढंच विचारलं, "मोजे बदलले का त्याने?" सगळ्यात चीड याची यायची की सल्ला देणाऱ्या बहुतेकींच्या कमरेला जॅकेट होतं.

शेवटी शिट्टीताईंनी 'माझ्यासाठी' वर्गात एक फिजिओथेरपिस्ट बाई आणल्या. या डॉक्टरबाई खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या, मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी मॅटवर मांडी घातली आणि सांगितलं की ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, उडीचा सगळा भार तिच्यावर येतो, आणि ती वेळेवर आवळली गेली नाही की असं होतं. बाळंतपण झालेल्यांना होतं, न झालेल्या तरण्याताठ्या खेळाडूंनाही होतं. लाजण्यासारखं काही नाही आणि सहन करत बसण्यासारखंही नाही. "विचारा," त्या मला म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत बॅंकमावशी म्हणाल्या, "हिच्यासाठी विचारते हं. समजा एखादीला शिंकतानाही होत असेल तर?"

"शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. उडीचंही तसंच."

"आणि हिला पाणी बंद करावं का?" ऑडिटरकाकू.

"मुळीच नाही. कमी प्यायलं तर लघवी आणखी दाट होते, मूत्राशय जास्तच कुरकुरतं. आणि सारखं उगाच जाऊन येण्याची सवयही नको."

"हिच्या दुसऱ्या बाळंतपणात टाके पडले होते," मागून कुणीतरी म्हणालं, "त्याने फरक पडतो का?"

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तुमची बाळंतपणं किती झाली?"

"एकही नाही," मी म्हणाले. "पण रजोनिवृत्तीही होऊन गेली आहे. आणि माझे गुडघेही दुखतात, तेही आत्ता विचारतीलच."

डॉक्टरबाईंनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. "हे प्रश्न कुणाचे आहेत ते कळलं, तर मला नीट उत्तर देता येईल. प्रत्येकीचं कारण वेगळं असू शकतं. एखादीला तपासावंही लागेल."

बायका खिडकीबाहेर बघायला लागल्या. छताकडे बघायची आता सोय नव्हती. मी आईकडे बघितलंही नाही. तिच्याकडून माझी अपेक्षा कमिटीच्या बैठकीतच संपली होती.

"शिंकेचा सोडून बाकीचे माझे," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "शिंकेचाही माझाच. हिला काही झालेलं नाही फारसं. ही आपली माझ्यासाठी बोलली."

"शिंकेचा माझा," बॅंकमावशी जरा तोऱ्यात म्हणाल्या. आपला प्रश्न दुसरीने घेतलेला त्यांना चालत नाही.

टाके शिट्टीताईंचे निघाले. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून बाजूला ठेवली, मग सांगितलं. आई माझ्याजवळ सरकली आणि पुढे बघतच माझ्या कानात म्हणाली, "त्या दिवशी बैठकीत माझे पाय उचललेच नाहीत गं."

"माहीत आहे," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं, पण आता झालं.

मग डॉक्टरबाईंनी व्यायाम शिकवला. पोटातला वारा अडवतो तसं आतून आवळायचं, वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सैल सोडायचं. पोट, मांड्या, चेहरा, काही हलता कामा नये. आम्ही सगळ्या भिंतीला पाठ टेकून बसलो आणि सुरू केलं. या व्यायामाची अडचण ही की कोण करतंय आणि कोण नुसतं बसलंय हे बाहेरून अजिबात कळत नाही. मी एकेकीचं तोंड बारकाईने तपासलं. सगळ्यांचे चेहरे सांत्वनाला आल्यासारखे. बॅंकमावशी करत नव्हत्या याची मला जवळजवळ खात्री होती, पण पुरावा कुठून आणणार.

इतक्यात दारात सेक्रेटरीकाका आले. बूट पायांत होते. मॅटच्या कडेला येऊन ते कटाक्षाने थांबले. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. ना शिट्टी, ना दोरी, नुसत्या ओळीने बसलेल्या, समोर एकटक बघणाऱ्या, हूं की चूं न करणाऱ्या बायका.

"आज व्यायाम नाही का?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही.

सेक्रेटरीकाका बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मान वर करून छताकडे पाहिलं, खाली आमच्याकडे पाहिलं, आणि पाठ न वळवता, मागच्या मागे निघून गेले.